साखरेची पुस्तिका आणि कूकाची कात्री

ओतिलिया बारिएन्तोसला रडायला फार काही लागत नाही. मालिकेतलं लग्न मोडलं की ती रडते, जुळलं की जरा जास्त रडते. त्यामुळे साखरेच्या आजाराची पुस्तिका निवडायचं काम दवाखान्याने तिच्यावर सोपवलं, तेव्हा नवऱ्याने निकाल आधीच सांगून टाकला. "जी वाचून तू रडशील, ती."

टेक्सासच्या दक्षिण टोकाला, संत्र्यांच्या बागांमागे तिची वस्ती. घरोघर जाऊन कुणाची साखर किती, कुणाच्या पायाला जखम, कोण गोळ्या चुकवतंय, ही चौकशी करणं ही तिची नोकरी. नोकरी नसती तरी चौकशी तिने केलीच असती.

तीन पुस्तिका आल्या होत्या. त्यांतली एक शुक्रवारी छापायला जायची होती. ओतिलियाच्या मनात निवड झालेलीच होती, तरी तिन्ही पिशवीत घालून ती कूकाकडे गेली. कूकाच्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी ओतिलियाने धर्ममाता म्हणून हातांवर धरलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. हे नातं बहिणीपेक्षा अवघड. बहिणीशी अबोला तरी धरता येतो.

पुस्तिकांचं निमित्तच होतं. डॉक्टरांनी कूकाला इन्सुलिन सुरू करायला सांगितलं होतं आणि कूका "हो डॉक्टर, बरं डॉक्टर" करून घरी आली होती. डॉक्टरला तोंडावर नाही म्हणणं या वस्तीत उद्धटपणा समजतात. म्हणून सगळे हो म्हणतात आणि घरी येऊन आपलंच खरं करतात. कूकाची इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्ये, मिरचीच्या चटणीमागे, सीलबंद. इकडे कूकाच्या अंगठ्याची जखम भरायचं नाव घेत नव्हती. ओतिलियाने अशा जखमेपायी गेलेले पाय पाहिले होते.

"तुझं मत हवंय," ती म्हणाली. सुईचा विषय सरळ काढला असता, तर कूकाने कॉफी पाजून तिला वाटेला लावलं असतं.

कूकाने पहिली पुस्तिका उघडली. ताटात उकडलेली ब्रोकोली, फिका मासा आणि तपकिरी पाव.

"हे कोण जेवतं गं?"

"निरोगी माणसं."

"तरीच तोंडं अशी झालीत."

दुसरीत तळलेली केळी होती. "ही क्युबाची मंडळी. छापणाऱ्याला वाटतं, स्पॅनिश बोलणारा प्रत्येक जण केळीवर जगतो. आम्हा मेक्सिकनांची मक्याची तोर्तिया कुठाय? निवडुंगाची भाजी कुठाय?"

तिसरी ओतिलियाने दागिना दाखवावा तशी पुढे सरकवली. ती फोटोगोष्ट होती. पानोपानी फोटो, माणसांच्या तोंडी फुगे. दोन्या आम्पारो नावाच्या आजीबाईंना साखर होते, ती कुणाचं ऐकत नाही, लेकीशी भांडते, चर्चमध्ये मेणबत्ती लावते आणि अखेर सुई घेते; तिची शेजारीण मात्र शेवटपर्यंत सुई नको नको करते. शेवटच्या पानावर नातीच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा. नात घेरदार झग्यात नाचतेय आणि आजी काळा चष्मा लावून नुसतं गाणं ऐकतेय. ओतिलियाने पुन्हा डोळे पुसले.

कूकाचे कोरडेच होते. उलट तिने पुस्तिका टेबलावर आपटली.

"बघ, कोमाद्रे! मी काय सांगत होते? आधी सुई, मग डोळे जातात, मग काळा चष्मा. एर्मिनिया मावशीचं असंच झालं. आता तर दवाखानाच छापून सांगतोय!"

"अगं, सुईने नव्हे! सुई उशिरा घेतली म्हणून!"

"असं कुठे लिहिलंय, दाखव."

ओतिलियाने पानं चाळली, एकूण एक फुगा वाचला. कुठेच लिहिलं नव्हतं. तिला ते आधीपासून ठाऊक होतं, म्हणून रडताना ते तिने मनानेच भरून घेतलं होतं. हीच पुस्तिका ती घरोघर वाटणार होती.

आता छापील काही हाताशी नव्हतं. "कूका, मावशीला अंधुक कधीपासून दिसायला लागलं?"

"सुईच्या कितीतरी आधी. सूपमध्ये मीठ म्हणून साखर घालायची. आम्ही पोरं खो खो हसायचो..."

कूका कॉफीत चमचा ढवळत राहिली.

"म्हणजे डोळे आधीच जात होते," ती हळू म्हणाली.

ओतिलियाने सल्ला न देता पुस्तिका पुन्हा तिच्यापुढे सरकवली. हे तिला क्वचितच जमतं.

कूका उठली, कात्री घेऊन आली आणि शेवटच्या पानावरचा आजीचा फोटो कराकरा कापून काढला. "या बाईने सुई घेतलीय ना? मग तिला नाच बघू दे. उगाच आंधळी कशाला करता? काळा चष्मा त्या शेजारणीला लावा, जी पहिल्या पानापासून नको नको करतेय."

"नको नको करणारी मलाही एक ठाऊक आहे."

"कॉफी पी तू. गार होतेय."

मग तिने फ्रिज उघडला आणि चटणीची बरणी बाजूला केली.

ओतिलियाने नर्सला फोन लावून इन्सुलिनचं माप पुन्हा विचारून घेतलं. कूकाने पोटावरचा ॲप्रन वर केला, डोळे मिटले आणि ठाऊक असलेल्या सगळ्या संतांना हाका मारल्या.

"टोचतेस कधी?"

"टोचून झालं."

"एवढंच? याहून डास जोरात चावतो की."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला, तेव्हा ओतिलियाने पहिल्याच घंटेला उचलला.

"दिसतंय," कूका म्हणाली. "नवऱ्याने भांडी घासलेली नाहीत, तेसुद्धा दिसतंय."

शुक्रवारी दवाखान्याच्या प्रमुख सेन्योरा त्रेविन्यो यांनी कापलेलं पान पाहिलं, कूकाचं म्हणणं ऐकलं, डोक्याला हात लावला आणि गोष्ट बदलून घेतल्याशिवाय छापायची नाही, असं ठरवलं. ओतिलियाला त्याहून आनंद झाला तो पुढे काही आठवड्यांनी, कूकाने तिच्या मांडीवर पाय ठेवला तेव्हा. जखमेच्या जागी गुलाबी कातडी धरली होती. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"नखं मात्र भयंकर वाढलीत हं."

"तुला जखम बघायला दिली होती, कोमाद्रे. नखं नाही."