बँक आणि शिंगणापूर

सात दिवस, दोन शहरं. आधी बँकॉक, मग सिंगापूर. बेत बायकोचा होता आणि तो माजलगावच्या आमच्या घरात, वडिलांच्या पलंगाशेजारी ठरला. दुसरीकडे ठरणं शक्यच नव्हतं. आम्ही दोघं एका वेळी ज्या खोलीत असायचो ती तेवढी एकच.

वडिलांना लकवा मारला त्याला काही वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. कान त्याआधीच गेलेले. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेतून उन्हाळ्यात निवृत्त झाली आणि वडील त्याच पावसाळ्यात मोरीत पडले. निरोप समारंभात मिळालेली शाल त्यांच्या पायांवर गेली ती तिथेच राहिली. मी तेव्हा वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. ते काम पुढे सुटलं, घरून थोडंफार लिहिणं राहिलं.

अंथरुणावरच्या माणसाची कूस वेळोवेळी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. आमच्या वडिलांचा देह मोठा. एकानं खांदे धरायचे, एकानं पाय. त्यामुळे आम्ही दोघं मिळून कुठल्या लग्नाला गेलो नव्हतो, मयतीलाही नाही. एकानं जायचं, दुसऱ्यानं थांबून शेजारच्या कुणाला तरी हाक मारायची, अशी पद्धत पडली होती. रात्रीची झोपही तशीच वाटलेली होती. बायकोच्या वाट्याला पहाटेची बाजू येई आणि पहाटेनंतर ती पुन्हा झोपत नसे.

शहरं तिनं फोनवर पाहिली. वडिलांना दुधात कुस्करलेली भाकरी भरवायला बराच वेळ लागतो. एक घास गिळला गेला की नाही हे बघूनच दुसरा द्यायचा. त्या वेळात ती फोन स्टीलच्या तांब्याला टेकवून ठेवी. पुण्या-नाशकाच्या बायका आपापल्या सहलींचे व्हिडिओ टाकतात, ते लागलेले असत. एका शहरात नदीतून धावणाऱ्या बोटी, रस्त्यावरच पेटलेल्या शेगड्या, देवळांचे सोनेरी कळस आणि सतत कुणीतरी ओरडतंय. दुसऱ्यात सगळं पुसून ठेवल्यासारखं, माणसं सिग्नलला उभी, झाडंसुद्धा कापून एका मापाची.

"आधी गलका, मग शांतता," ती म्हणाली. "उलट नको."

"का?"

"गलक्यातून सरळ इथं आलं की घर अंगावर येईल. शांततेतून आलं तर दोन दिवस तरी पुरेल."

बीडच्या एजंटाला हे पटेना. त्याच्याकडचे सगळे बेत उलटे होते. फोनवर तो म्हणाला, "सर, लोक आधी सिंगापूर उरकतात. खरी मजा शेवटी ठेवायची असते. आन पट्टाया कट केल्यावर राहतं काय?" पट्टाया नको, असं बायकोनं दोनदा कळवलं होतं. चार दिवस बँकॉक, तीन दिवस सिंगापूर, शेवटी त्यानं तसं बसवून दिलं; पण प्रत्येक फोनच्या अखेरीस एकदा विचारायचाच, "पट्टाया नक्की नको ना, सर?"

बँकॉक हा शब्द आमच्याकडे नुसता उच्चारता येत नाही. गल्लीच्या तोंडाशी फळांचा गाडा लावणारे चाचा आम्हाला वर्षानुवर्षं पपई देतात. वडिलांना ती चालते. चाचांच्या कानावर बातमी गेली होती.

"साब, ब्यांकाक जारे बोलते?"

"हो."

"भाबी कू लेके?"

"हो."

चाचांनी पपई तराजूतून पुन्हा उचलून हातात घेतली. "फिर जारे कायकू?"

तेवढ्यात बायको फाटकाशी आली. चाचांनी आवाज बदलला. "भाबी, पपई लेके जाव, एकदम मीठी है."

घरात आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणत होते?"

"पपई गोड आहे म्हणत होते."

"गल्ली हसायली होती पपईला," ती म्हणाली आणि पपई कापायला बसली.

सगळा बेत अडकला होता तो धाकट्या भावावर. तो आष्टीला असतो, जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. खतं-बियाण्यांचं दुकान आहे. आमच्याकडे आईबाप पाळीनं सांभाळायची रीत आहे: काही महिने या लेकाकडे, काही त्या लेकाकडे. आमच्या घरी ती पाळी कधी सुरूच झाली नाही. आण्णांना एवढा रस्ता सोसणार नाही, असं भावाचं म्हणणं आणि ते खरंही होतं. आता आण्णांना न्यायचं नव्हतं. त्यालाच इथे येऊन राहायचं होतं. तो आला तर सात दिवस मिळणार होते, नाहीतर नाही.

तो पहिल्या फोनवर हो म्हणाला. "येतो की. बाप माजाबी हाय. आन दादा, बँकॉकचं मला इचारा तुमी. दोनदा गेलतो." खतांच्या कंपनीनं माल खपवल्याबद्दल त्याला दोनदा नेलं होतं. त्यानं घरी मात्र दोन्ही वेळा हैदराबादला मीटिंग असल्याचं सांगितलं होतं. येताना त्यानं फ्रीजला चिकटवायचा एक रंगीत हत्ती आणला. भावजय त्याला आजही हैदराबादचा हत्ती म्हणते, भावाकडे न बघता.

वडिलांना सांगणं भाग होतं. मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं, "आम्ही बँकॉकला चाललोत."

"ब्यांकंला?"

"बँकॉक!"

"हां, ब्यांकंला. आन तितून?"

"सिंगापूर."

"शिंगणापूर." त्यांनी समाधानानं डोळे मिटले. "शनवार धरून जा. तेल न्या संगं."

डेस्कवर चुका दुरुस्त करण्यात माझी सगळी नोकरी सरली. ही चूक मी तशीच जाऊ दिली. बँकेच्या कामाला आणि शनीच्या दर्शनाला सात दिवस लागतात, हे त्यांना खटकलं नाही. त्यांच्या अनुभवात बँकेचं काम एका दिवसात झालेलं नव्हतं. मला ते सोयीचं वाटलं.

सोय आठवडाभर टिकली. नोव्हेंबर सुरू होता. वडील धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते, शेतकऱ्यांना पाळीनं पाणी सोडायचे. त्याचं निवृत्तिवेतन त्यांना मिळतं. त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेचा माणूस घरी येऊन, यंत्रावर अंगठा घेऊन गेलाही होता. पण वडिलांच्या लेखी ते खरं काम नव्हतं. खरं काम म्हणजे साहेबाच्या टेबलापुढे जाऊन उभं राहणं. आम्ही बँकेला निघालो आहोत आणि महिना नोव्हेंबर आहे, या दोन गोष्टी त्यांनी जुळवल्या.

"ब्यांकंत सांगा, मी जित्ता हाय म्हून," ते एका सकाळी म्हणाले.

"सांगतो."

थोड्या वेळानं म्हणाले, "तुमी सांगून कसं मान्तील? मला न्या."

त्या दिवसापासून ते पांढरा सदरा मागायला लागले. सदरा घातला की वाट बघत. दुपारपर्यंत गाडी आली नाही की चिडत आणि घास तोंडातून बाहेर ढकलत. सदऱ्यावर भाकरीचं दूध सांडे. बायको सदरा बदले, धुवे, वाळत घाले. सहल अजून तीन आठवड्यांवर होती आणि तिची तयारी म्हणून आमच्या घरात वाढलेलं काम तेवढं एकच होतं.

सिंगापूरचा व्हिसा आला त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला. मी फोन पलंगावर ठेवून आवाज मोठा केला होता, कारण दोन्ही हात वडिलांच्या खांद्याखाली होते. बायको पायांकडे होती.

"दादा, सात दिवस लई होत्यात. रब्बीचा माल आलाय, दुकानावर गर्दी हाय. चार करा की."

"चारात दोन शहरं होत नाहीत."

"मंग येकच करा. कावून दोन-दोन पायजेत? सिंगापूर सोडा. तितं काय हाय? थुकलं तरी पकडतेत."

आम्ही वडिलांना डाव्या कुशीवर घेतलं. बायकोनं त्यांच्या पाठीशी उशी लावली, चादर ओढून सरळ केली, मग फोन उचलला. ती दिराशी कामापुरतं बोलते. आवाज शाळेतला होता, वर्ग शांत झाल्यावरचा.

"भावजी, एक विचारू?"

"इचारा की, वैनी."

"हैदराबादची मीटिंग किती दिवसांची होती?"

पलीकडून दुकानातला आवाज तेवढा येत राहिला. कुणीतरी युरियाचं पोतं मागत होतं.

"कोनती?" भाऊ म्हणाला.

"हत्तीवाली."

"…आठ दिवसांची."

"मग मला सात द्या."

"देतो, वैनी," तो म्हणाला. पुढे त्यालाच हसू आलं. "लई वर्सं मास्तरकी केली तुमी."

ती हसली नाही. फोन ठेवून भिंतीला टेकून बसली आणि बसल्या बसल्या तिचे डोळे मिटले. वडिलांनी सदरा मागितला तेव्हा ते उघडले.

आम्ही निघण्याच्या दोन दिवस आधी भाऊ आला, शिकून घ्यायला. बायकोनं त्याला उचलायचं कसं, तेल कुठे चोळायचं, डायपर कसा बांधायचा, घास केवढा करायचा हे दाखवलं. दुसऱ्या माणसाची सोय शेजारच्या घरातून झाली होती. भाऊ मनापासून करत होता; पहिल्याच वेळी त्याची कंबर धरली आणि तो ओट्यावर जाऊन बसला. "दादा, तुमी हे रोज करता?" त्यानं विचारलं.

वडील मात्र त्याच्या हातचं खाईनात. त्यानं चमचा पुढे केला की तोंड फिरवायचे. "मला ब्यांकंला न्या" एवढंच. भाऊ म्हणाला, "आण्णा, उंद्या नेतो." वडील म्हणाले, "रोजच उंद्या हाय." दुपार झाली, घास पोटात नव्हता. बॅगा दारात उभ्या होत्या. वडील जेवले नाहीत तर आपण निघणार नाही, हे तिघांनाही बोलल्याशिवाय कळत होतं.

बायको पलंगाच्या कडेला बसली. त्यांच्या डाव्या कानाशी वाकली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली.

"आण्णा, आम्ही बँकेत नाही चाललो. बँकॉक म्हणून गाव आहे, परमुलखात. ते बघायला चाललोत."

वडील तिच्याकडे बघत राहिले. "आन शिंगणापूर?"

"ते सिंगापूर. तेही परमुलखात. देव नाही, काम नाही. फिरायला चाललोत. मी थकलेय, आण्णा."

डाव्या हातानं त्यांनी सदऱ्याचं बटण चाचपलं. मला वाटलं, ऐकू गेलं नसावं.

"कोन थकलंय?"

"मी."

"तू व्हय, माय." त्यांनी डावा हात उचलला. तो तिच्या डोक्यापर्यंत पोचत नाही, मनगटावर पडला. "मंग ह्यातीचं?"

"अंगठा देऊन झालाय. बँकेचा माणूस येऊन गेला. तुम्ही जिवंत आहात, त्यांना कळलंय."

"म्हंजे पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी भावाकडे बघितलं आणि तोंड उघडलं. भाऊ चमचा घेऊन पुढे झाला. पहिला घास मोठा झाला, ठसका लागला, दुसरा बरोबर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईच्या विमानतळासाठी भाड्याची गाडी आली. फाटकाशी चाचांनी आज काही विचारलं नाही. गाडीत वाटेसाठी केळी ठेवली. बायकोनं वडिलांच्या खोलीत दोनदा जाऊन पाहिलं, तिसऱ्यांदा निघाली तेव्हा भावानं दारात हात आडवा लावला. "वैनी, गाडीत बसा."

गावाबाहेर पडल्यावर तिनं सीट मागे केली. कालव्याचा पूल गेला तोवर ती बोलत होती: आण्णांची शेकायची गरम पाण्याची पिशवी भरायची राहिली, भावजींना ती लहान उशी दाखवली का? मग वाक्य अर्धं राहिलं. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे. इतक्या वर्षांत ती दिवसा उजेडी झोपलेली मी पाहिली नव्हती.

तेलगावच्या अलीकडे गाडी थांबली. कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर एकामागे एक उभ्या होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "टाइम लागनार." मी त्याला हॉर्न वाजवू नका म्हणालो.

फोन आला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी तो कानाला घट्ट लावला. भाऊ होता.

"दादा, आण्णा जेवलेत. चांगले जेवलेत. पन सदरा घातलाय आन सकाळपासून इचारायलेत, ब्यांकंत पोचले का म्हून. काय सांगू?"

पुढे ट्रॉल्या होत्या, मागेही येऊन लागल्या होत्या. बायकोची मान खिडकीकडे कलली होती.

"सांग," मी हळू आवाजात म्हणालो, "लाइनीत आहेत."