हिकडनं येतोय

मामू गोठ्यात कधी गुपचूप शिरला नाही. दारात थांबायचा, वहाणा काढायचा, खाकरायचा आणि जनावराला मोठ्यानं सांगायचा, "मी आलोय रं. हिकडनं येतोय." मग जागचा हलायचा नाही. बैलानं मान वळवून बघितलं की मगच पुढचं पाऊल.

आम्ही हसायचो. "मामू, बैलाला वर्दी देताय व्हय?"

"तुमच्या घरात कुणी न सांगता शिरलं, तर तुमी काय करताल?" एवढंच म्हणायचा.

तो लोणंदचा नालबंद. बाजारादिवशी चिंचेखाली बसून बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री मारायचा, एरवी गावोगाव फिरायचा. पत्री मारायची तर बैल दोरानं पाडावा लागतो, त्याला चार गडी लागतात. मामूला दोन पुरायचे. मारका बैल कुणाच्या दावणीला असला की लोक त्यालाच बोलवायचे. तुमच्याही गावात असा एखादा होऊन गेला असेल.

लढाई चालू होती त्या सालात मी आटपाडीकडचा एक खिलार आणला. देखणा, पण महिन्याभरात तिघांना शिंगावर घेतलं. चुलत्याला, गड्याला आणि मग मला. मी काय थोडा होतो? खांबाला बांधून चाबकानं फोडला. तो जास्तच बिथरला. शेवटी खाटकाला द्यायचं ठरवलं, तेवढ्यात मामू आला.

तासभर नुसता दावणीच्या कडेला बसला. मग रुमाल काढून बैलाच्या डाव्या डोळ्याजवळ हलवला. बैलाची पापणी लवली नाही.

"पाटील, तिघंबी कुठल्या अंगानं गेला हुता?"

मी आठवून बघितलं. तिघंही डावीकडून.

"डोळ्यात फूल पडलंय. तुमी त्याला दिसतच न्हाई. एकदम अंगावर हात पडतो, तवा त्यो शिंग टाकतो. आन वर तुमी चाबूक देता."

त्यानं बैलाची जुवाची बाजू बदलायला सांगितली. डावीकडं जुंपत होतो तो उजवीकडं, म्हणजे आंधळा डोळा जोडीदाराकडं राहील. मी म्हणालो, "जुंपलेली बाजू कुणी बदलतं व्हय? गाव हसंल."

"हसू द्या. गावाला कुठं जू वडायचंय?"

पंधरा दिवस बैलानं आमचा जीव खाल्ला. पण त्यानंतर कुणाला शिंग लागलं नाही. गावात मी सांगितलं, बाजू बदलायची अक्कल माझीच. मामूच्या कानावर ते गेलंच असणार.

लढाई संपली आणि माझा धाकटा भाऊ शंकर पलटणीतून परत आला. हातपाय धड होते. आईनं मीठमिरची ओवाळून टाकली. पण चार दिवसांत कळलं, पोरगं पहिलं राहिलं नव्हतं. भिंतीला पाठ लावूनच बसायचा. मागून कुणी आलं की मूठ वळायची. एकदा आईनं जेवायला उठवायला खांद्याला हात लावला, तर झोपेतच तिला ढकलून दिलं. तिचं मनगट सुजलं. नंतर तो तिच्या पायाशी बसून राहिला, जेवला नाही.

त्या आठवड्यात मामू पत्री मारायला आला होता. आईचं मनगट कशानं सुजलं, ते त्यानं तिला विचारून घेतलं. ओट्यावर चार माणसं होती. काम उरकून हात धुता धुता तो मला म्हणाला, "शंकररावांना झोपेत हात लावू नका. लांबनं नावानं हाक मारा. आन त्यास्नी दिसंल असं म्होरनं जावा."

चारचौघांत ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. "माझा भाऊ काय बैल हाय?"

"न्हाई पाटील," मामू हळू म्हणाला. "बैलाला सांगता येत न्हाई. ह्यास्नी सांगायची लाज वाटतीया."

मी त्याच्या हत्यारांची पिशवी उचलून रस्त्यावर फेकली. खिळे सांडले. त्यानं ते एकेक वेचले आणि गेला.

पुढच्या दुपारी शंकर सोप्यात झोपला होता. मुद्दाम गेलो आणि दंड धरून गदागदा हलवला. मामू खोटा, हे मला दाखवायचं होतं. डोळे उघडायच्या आत त्याचे दोन्ही हात माझ्या गळ्यावर आले. गड्यांनी सोडवलं. मी ओरडलो, "कासरा आणा!" आणि सोप्याच्या खांबाला त्याला बांधला. माझा सख्खा भाऊ. गाव दारात उभं राहून बघत होतं. तो धडपडला नाही, शिवी दिली नाही. नुसता म्हणत होता, "दादा, सोड. मी हाय. शंकर हाय."

दिवस मावळताना सोडला. सकाळी अंथरूण घडी घालून ठेवलेलं होतं. तो आजवर आला नाही. आई वाट बघतच गेली.

त्यानंतर मामू एकदाच आला. बैल आता त्याच्या पायरवानंच कान टवकारायचा. पत्री मारून झाल्यावर सोप्यातल्या खांबाकडं बघून त्यानं विचारलं, "बांधलं?"

मी मान डोलावली. चूक झाली एवढं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "च्या घेता का?"

"नगं," म्हणाला.

पुढच्या साली लोणंदच्या बाजारात गेलो तर चिंचेखाली कुणी नव्हतं. मातीत दोन झिजलेल्या पत्र्या पडल्या होत्या. कुठं गेला, कुणाला ठाऊक नव्हतं. मीही फार विचारलं नाही. विचारायचं तर कशासाठी, ते सांगावं लागलं असतं.

आता माझे दोन्ही कान गेलेत. सुना, नातवंडं मागून येतात आणि एकदम खांद्याला हात लावतात. काठी आपोआप वर होते. परवा थोरल्या सुनेच्या कोपराला लागली. ती पोरांना काहीतरी बोलली. ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. म्हातारा मारका झालाय.

तिला एवढंच सांगायचंय की बाई, म्होरनं ये, दिसशील अशी ये.

अजून सांगितलेलं नाही.