पाचव्या ओळीखालची रेघ

पहिल्या वर्षी मी वर्गात बहुतेक वेळ पाठमोरी असायचे. फळ्यावर लिहीत राहिलं की कुणाकडे बघावं लागत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

भोसरीजवळच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायला लागले होते. अशी नेमणूक त्या वर्षापुरतीच असते. पुढच्या वर्षीच्या यादीत नाव आलं तर यायचं, नाहीतर दुसरं कॉलेज शोधायचं. मी शाळेपासून इंग्रजी माध्यमातली. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण रसायनशास्त्र मी मराठीत कधी ऐकलंसुद्धा नव्हतं. समोरच्या चाळीस जणांपैकी बहुतेकांची शाळा मराठी. काही जण दुपारच्या शिफ्टला जाणारे, कंपनीचा शर्ट घालूनच बाकावर बसलेले. मी इंग्रजीत बोलले की ते गप्प होत आणि मराठीत बोलले की हसतात असं मला वाटे. खरंच हसत होते की नाही, हे बघायला मी कधी वळले नाही.

त्या महिन्यात टर्म सिम्बॉल शिकवायचे होते. नाव भारदस्त आहे, काम तसं साधं आहे. लोखंड, कोबाल्ट, निकेल, तांबं अशा धातूंच्या अणूतून काही इलेक्ट्रॉन निघून गेले की उरलेले सर्वांत कमी ऊर्जेत कसे बसतात, ते तीन खुणांत लिहायचं. मधे एक अक्षर, त्याच्या डाव्या खांद्यावर एक आकडा, उजव्या पायाशी एक आकडा. त्यासाठी पाच चौकटी आखायच्या आणि त्यांच्याखाली दोन, एक, शून्य, उणे एक, उणे दोन असे आकडे घालायचे. आधी प्रत्येक चौकटीत एकेक वर जाणारा बाण, मग पुन्हा डावीकडून खाली जाणारे. आकड्यांच्या बेरजेवरून अक्षर मिळतं, एकट्या राहिलेल्या बाणांवरून खांद्यावरचा आकडा. पायाशी बसणाऱ्या आकड्याला मात्र दोन-चार उमेदवार असतात. चौकटी अर्ध्याहून कमी भरल्या असतील तर त्यांतला सर्वांत लहान घ्यायचा, जास्त भरल्या असतील तर सर्वांत मोठा. एकूण जागा दहा, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन झाले की पुढे नियम उलटतो. एम.एस्सी.ला असताना हे मी मैत्रिणींना शिकवलेलं होतं.

फळ्यावर मी एकापासून नऊ इलेक्ट्रॉनपर्यंत नऊ ओळींचा तक्ता केला. पाचवी ओळ मँगनीजची. ती लिहून झाली तेव्हा मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. मी नुकतीच 'आता पुढचे इलेक्ट्रॉन बसवू या' असं म्हणाले होते. त्यावर हसले की आणखी कशावर, मला माहीत नाही. माझे कान तापले आणि खडू बोटांत गुळगुळीत वाटायला लागला. इथे थांबून, वळून, 'आता नियम उलटतो' हे वाक्य बोलायचं होतं. मी ते बोलले नाही. खालच्या चार ओळी वरच्यासारख्याच भरून टाकल्या, भराभर, तास संपावा म्हणून.

"मॅडम."

आवाज दुसऱ्या बाकावरून आला. तिथे बसणाऱ्या बाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या होत्या. इथल्याच जुन्या गावातल्या घरच्या सूनबाई, मुलगा शाळेत जाणारा. भोसरीत एका प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या, वर्कशॉपमध्ये त्या निकेलच्या टाकीचं पाणी तपासायच्या आणि अर्धवट राहिलेली पदवी आता पूर्ण करत होत्या. त्यांना ताई म्हणावं की नावानं हाक मारावी, हे न ठरल्यामुळे मी त्यांना कधीच हाक मारली नव्हती.

"व्हॅनेडियम बी थ्री एफ टू आन निकेल बी थ्री एफ टू. दोन इलेक्ट्रॉनवालं आन आठवालं सारखंच आलं की. असं कसं?"

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. अक्षर आणि खांद्यावरचा आकडा दोन्हींचा सारखाच येतो, पण पायाशी व्हॅनेडियमला दोन आणि निकेलला चार यायला हवा. मी फळ्याकडे बघितलं आणि मला त्यात चूक दिसली नाही. प्रश्न लवकर संपावा एवढंच डोक्यात होतं.

"दोन भरलेल्या जागा आणि दोन रिकाम्या जागा," मी म्हणाले, "आरशातल्यासारखं असतं ते. म्हणून सारखं."

अर्ध्या खऱ्या गोष्टीत फार वजन असतं. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. त्या बाईंनी पेन उचललं नाही, पण पुढे काही विचारलंही नाही.

तीन आठवड्यांनी अंतर्गत चाचणी झाली. सोपा म्हणून मी निकेलचाच प्रश्न घातला. रविवारी दुपारी घरी, संत तुकाराम नगरमध्ये, जेवणाच्या टेबलावर मी पेपर तपासत होते. थ्री एफ टू, बरोबर. थ्री एफ टू, बरोबर. एकोणचाळीस पेपर असेच गेले आणि मला जरा बरंही वाटत होतं, कारण वर्गाला निदान हे तरी आलं होतं. सर्वांत शेवटी त्या बाईंचा पेपर आला. थ्री एफ फोर. मी लाल पेनानं काट मारली आणि शून्य दिलं. त्यांनी विचारल्यावर एवढं समजावून सांगितलं होतं, तरी? मला थोडा रागही आला.

त्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. 'पाचाच्या पुढे मोठा.'

ती ओळ वाचल्याबरोबर ओळखीची वाटली. वर्गात मी न बोललेलं वाक्य होतं ते. पुस्तक उघडायची गरज नव्हती, तरी उघडलं. लोखंड चूक, कोबाल्ट चूक, निकेल चूक, तांबं चूक. पाचव्या ओळीखालचं सगळं चूक.

"कोणी कोरा पेपर दिला का?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही."

"मग चेहरा का असा पडलाय?"

"उकडतंय," मी म्हणाले. पंखा डोक्यावर फिरत होता.

विद्यापीठाची परीक्षा नऊ दिवसांवर होती आणि हा प्रश्न त्यात जवळपास दरवर्षी येतो. बाकीचे एकोणचाळीस जण तिथे माझी चूक पाठ म्हणून लिहिणार होते. आणि पुढच्या वर्षीची यादी त्याच आठवड्यात विभागप्रमुखांच्या हातून जायची होती.

आमच्याकडे पेपरवर खाडाखोड केली तर तिच्या शेजारी तपासणाऱ्यानं छोटी सही करायची असते. पांढरी शाई चालत नाही. नुसता एक पेपर दुरुस्त केला असता, त्या बाईंचा, तर एकच सही लागली असती आणि कुणी काही विचारलं नसतं. हा विचार मी बराच वेळ केला, हे लपवत नाही. पण बाकीच्या एकोणचाळीस पेपरांवर माझ्या हातची बरोबरची खूण तशीच राहिली असती. पेपर परीक्षेआधी मुलांना दाखवायचे असतात. माझी खूण बघून त्यांची उरलीसुरली शंकाही गेली असती.

संध्याकाळी मी पहिल्या पेपरवरची खूण खोडली, शेजारी चार लिहिलं आणि सही केली. मग दुसऱ्या. गुण कुणाचे कापले नाहीत, त्या बाईंचं शून्य तेवढं खोडून पूर्ण गुण दिले. दहाव्या पेपरनंतर माझी सही माझी वाटेना.

सोमवारी सकाळी गठ्ठा छातीशी धरून मी विभागप्रमुखांच्या खोलीकडे निघाले होते. जिन्याशी त्या बाई भेटल्या, डब्याची पिशवी हातात. मी थांबले. पहिल्यांदाच मी आपणहून त्यांच्याशी बोलत होते.

"तुम्ही निकेलला चार लिहिलंत."

"पुस्तकात चारच हाय, मॅडम."

"मग वर्गात का नाही सांगितलं?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुमचा हात थरथरत व्हता. म्हनलं, घरी जाऊन बघतील. बघितलं न्हवं?"

"काल."

"काल?" त्या म्हणाल्या. "तीन आठवडं झालं की मॅडम. माझं ठीक हाय, मी बघून घेतलं. डिग्री झाली की मला वर्कशॉपात तपासणीच्या खोलीतली वरची जागा मिळायची हाय, तवा मी अभ्यास सोडनार न्हाई. या पोरांचं काय पन? ती तुमच्यावरच हायत."

इतके दिवस मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होते आणि त्या माझा हात बघत होत्या. परीक्षेची नव्हती एवढी भीती मला त्या क्षणी त्याची वाटली.

विभागप्रमुख निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी गठ्ठा उलगडला, एक पान बघितलं, मग दुसरं, मग अंगठ्यानं सगळेच पेपर फरफर चाळले.

"सगळ्यांवर सह्या. ऑटोग्राफ वाटलेत का, मॅडम?"

मी सांगितलं. आधी इंग्रजीत सुरू केलं, उरलेलं मराठीत सांगितलं. चार ओळी चूक, प्रश्न विचारल्यावर चुकीचं उत्तर, तीन आठवडे. सर ऐकत होते. त्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली एक कागद होता, उलटा ठेवलेला. माझी नजर तिथेच जात होती.

"कोणी दाखवून दिलं?"

"एका पेपरात बरोबर उत्तर होतं, सर. मी त्याला शून्य दिलं होतं."

"वर्गाला सांगितलंत?"

"अजून नाही."

"तास कधी आहे?"

"आत्ताच."

ते उठले. "चला. आधी वर्ग, बाकीचं नंतर."

ते वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसले. शेजारची दोन मुलं सरकून ताठ झाली. माझे पाय फळ्याकडे वळत होते. मी टेबलाची कड धरली आणि तशीच, समोर तोंड करून बोलले. "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. निकेलचं, आणि त्याबरोबरच्या आणखी तिघांचं. आरशासारखं असतं हेही अर्धवट सांगितलं."

कुणी हसलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मग पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग मार्क?"

"मार्क राहतील."

"वहीत पेनानं लिहिलंय राव," मागून कुणीतरी पुटपुटलं, आणि आता मात्र वर्ग हसला. शेवटच्या बाकाकडे बघायचं मी टाळलं.

नऊ ओळी पुन्हा लिहिल्या. पाचवी झाल्यावर तिच्याखाली आडवी रेघ ओढली, वळले आणि ते वाक्य बोलले. इथून पुढे नियम उलटतो, सर्वांत मोठा घ्यायचा. लोखंड, कोबाल्ट, निकेल, तांबं. प्रत्येक ओळीनंतर वळत होते. निकेलच्या ओळीशी दुसऱ्या बाकावरून हात वर झाला.

"मॅडम, पन उलटतो कशापायी?"

खरं कारण मला सूत्रात येत होतं, इंग्रजीत. त्यांना समजेल अशा भाषेत ते माझ्या तोंडात नव्हतं. मागे सर बसले होते. आरशासारखं काहीतरी एखादं वाक्य पुन्हा सुचतही होतं.

"ताई, ते मला आज नीट सांगता येणार नाही," मी म्हणाले. "उद्या सांगते."

त्यांनी मान हलवली आणि वहीत कोपऱ्यात 'उद्या' लिहून ठेवलं. मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. बरं सांगितलं की नाही, ठाऊक नाही. त्यांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नाही.

सर त्या सोमवारी तास संपायच्या आधीच उठून गेले होते. माझं 'उद्या' त्यांनी ऐकलं का, मला कळलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही. यादी लागली तेव्हा माझं नाव तिच्यात होतं, शेवटून दुसरं, आणि तास निम्मे. उरलेले कुणाला दिले, ते शेजारच्या ओळीत लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि सही केली.

आता दुसरं वर्ष आहे, वर्ग नवा आहे. त्या बाई पास होऊन गेल्या. पाचव्या ओळीनंतर मी अजूनही रेघ ओढते आणि वळते. हात थरथरतोच. फक्त आता दुसऱ्या बाकावर बसलेल्यांना तो दिसत असणार, हे मला आधीच माहीत असतं.