पुस्तकाच्या फळ्यांसाठी अमडापूरपर्यंत

या प्रवासाचा निर्णय माझा नव्हता. पत्नीने, वसुधाने, रुग्णालयातील शेवटच्या आठवड्यांत तो घेऊन ठेवला होता: पुस्तक अमडापूरला न्यायचे आणि युसूफभाईंकडूनच त्याला लाकडी फळ्या बसवून घ्यायच्या. ती गेल्यानंतर आठ महिने मी हे टाळले. दिवाळी झाली आणि टाळण्याची कारणे संपली.

पुस्तकाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. वसुधा वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. लोणारच्या विवराभोवती गळून पडलेली झाडपाने वेचून तिने ती हातकागदावर चिकटवली, शेजारी टिपणे लिहिली आणि युरोपातील मध्ययुगीन मठांच्या पद्धतीने सगळे कागद चार जाड दोऱ्यांवर शिवले. असे पुस्तक फुगते; त्याला पुठ्ठा पुरत नाही, दाबून धरणारे लाकूड लागते. तीन वर्षांपूर्वी लोणारहून परतताना आम्ही अमडापूरच्या बाजारात थांबलो होतो. तेथे तिला युसूफभाईंच्या हातची रेहल, म्हणजे कुराण ठेवून वाचण्याची घडीची लाकडी बैठक, फार आवडली. हा माणूस पुस्तकाचे लाकूड जाणतो, असे म्हणून तिने त्यांच्याकडूनच सागाची एक फळी घेतली. दोन उन्हाळे मुरू द्या, मग घेऊन या, असे त्यांनी बजावले होते.

ती फळी वसुधाच्या आजारपणात मीच लाकूड कापण्याच्या गिरणीवर नेली आणि पुस्तकाच्या मापाचे दोन तुकडे कापून आणले. काम तयार असावे, एवढाच हेतू होता. मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक होतो. माप मिलिमीटरपर्यंत अचूक होते.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालो तो सकाळी मलकापूरला उतरलो. स्थानकाबाहेर चहा आणि कचोरी मिळते. कचोरी गरम असेल तरच घ्यावी. कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरांमुळे बसस्थानकापर्यंत पोहोचायला अर्धा तास लागला. तेथून बुलढाण्याची एसटी, मग चिखली, आणि चिखलीहून खामगावच्या रस्त्यावर अमडापूर. राजूर घाटात वळणे बरीच आहेत. ज्यांना त्रास होतो त्यांनी पुढची जागा धरावी. वाहकाने वय विचारले आणि ज्येष्ठांचे अर्धे तिकीट दिले. महिलांनाही अर्धेच आहे. आम्ही दोघे असतो तर मिळून एक पूर्ण तिकीट झाले असते.

युसूफभाईंचे दुकान बाजाराच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली आहे. एक शेतकरी, भीमरावभाऊ, कुऱ्हाडीला दांडा बसवून घ्यायला येऊन बसले होते. युसूफभाईंनी मला ओळखले आणि माझ्या मागे रस्त्याकडे पाहिले.

“बाई काऊन नाही आल्या?”

मी सांगितले. त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला. मग त्यांनी हात धुतले, पुसले आणि पुस्तक मागितले. एकेक दोरी बोटाने चाचपून ते म्हणाले की शिलाई पक्की आहे, आता लाकूड दाखवा.

मी दोन्ही तुकडे काढून दिले. त्यांनी एक उजेडाकडे धरला, पुस्तकावर ठेवला, फिरवला, पुन्हा ठेवला.

“हे कोनं कापलं?”

“मी कापून घेतले.”

“लाकडाची रेघ आडवी आली, सर. किताबीच्या पाठीसंगं उभी पाह्यजे. म्या बाईले समजावून सांगतलं होतं. पावसाळ्यात हे वाकते, अन् किताब उघडी पडते.”

तुकडे फिरवून चालतील का, असे मी विचारले. फिरवले तर उंची तीन बोटे कमी पडत होती. भीमरावभाऊ म्हणाले, “कालेजात माप शिकवतेत, लाकूड नाही शिकवत वाट्टे.” युसूफभाईंनी त्यांना “गप बे” म्हणून दटावले, पण बोलणे खरे होते.

तरीही हेच लाकूड लावा, असा आग्रह मी धरला. ते तिने निवडलेले होते. वाकले तर वाकू द्या, असेही म्हणालो. युसूफभाईंनी नकार दिला. बाईंचे काम आपण वाकडे करून देणार नाही, एवढेच म्हणाले. मग त्यांनी विचारले,

“बाईनं पाह्यल्या का ह्या?”

पाहिल्या होत्या. गिरणीवरून थेट रुग्णालयात नेऊन मी त्या तिच्या हातात दिल्या होत्या. तिने अंगठा लाकडावरून फिरवला होता. एक तुकडा वळवून पाहिला, पुन्हा होता तसा केला आणि म्हणाली होती, “छान कापल्यात हो.”

हे मी युसूफभाईंना सांगितले.

“मंग त्याईले मालूम होतं,” ते म्हणाले.

रेहलीसाठी राखलेली स्वतःची जुनी फळी त्यांनी माळ्यावरून काढली. मी चिखलीच्या लॉजवर मुक्काम केला. खोली स्वच्छ, पाणी मात्र सकाळीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी गिरमिटाने भोके पाडली, दोऱ्या ओवायला मला लावले आणि प्रत्येक भोकात लाकडी खुंटी ठोकली. या खुंट्या पुन्हा निघत नाहीत. दुपारी त्यांच्या घरून भाकरी आणि वांग्याची भाजी आली. मजुरी त्यांनी ठरल्याप्रमाणे पूर्ण घेतली. मला ते बरे वाटले. लोणारला जाऊन येण्याइतका वेळ होता. मी गेलो नाही.

ज्यांना असे काम करून घ्यायचे आहे त्यांनी फळी अखंड न्यावी आणि जाण्यापूर्वी कारागिराला फोन करावा. मीही फळी कापण्यापूर्वी तो करू शकलो असतो. ती तर समोरच होती, तिलाही विचारता आले असते.

पुस्तक आता टेबलावर आहे. ते नीट मिटते. मी ते फारसे उघडत नाही. संध्याकाळी खुर्चीत बसल्यावर संसाराच्या अडतीस वर्षांतले माझे निर्णय एकेक करून आठवतो. मुलाची शाळा, घराची जागा, तिने सोडलेली संशोधनवृत्ती, पहिल्या डॉक्टरांची माझी निवड. यांतल्या प्रत्येकाला ती “छान” म्हणाली होती.