शमीमभाभीचा परतीचा सामना

बातमी आली तेव्हा मी सौदीतल्या दम्मामच्या आमच्या स्वयंपाकघरात थालीपीठ थापत होते आणि दोन्ही हात पिठाने भरलेले होते. फोन कोपराने दाबला. पलीकडून, दापोलीहून, शमीमभाभीच्या झोयाचा आवाज आला, "मंगलमावशी, अम्मी गेली." एवढंच. आणि मी, जिला साध्या हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायलाही अर्धा तास लागतो, तीन वेळा "बरं" म्हणाले. बरं! तव्यावरचं थालीपीठ कोळसा झालं. शमीमभाभी माझ्या जागी असती तर तिने आधी गॅस बंद केला असता, मग रडली असती. गोलकीपर होती ना ती.

आमची ओळख भांडणातून झाली. आम्ही नाशिकहून नव्याने आलेलो, समोरच्या दारात हे दापोलीकडचं कुटुंब, आणि रोज दुपारी आमच्या भिंतीवर धाड, धाड, धाड. तिसऱ्या दिवशी मी पदर खोचून बेल वाजवली. दार उघडलं तर ओढणी कमरेला बांधलेली एक उंच बाई, आणि तिच्यामागे भिंतीला गादी उभी करून तिच्यापुढे हात पसरून उभी असलेली तिची सात वर्षांची मुलगी, झोया.

"कसला आवाज आहे हा?"

"माझी पोर अभ्यास करते."

"कसला अभ्यास?"

"बॉल अंगावर आला की डोळे मिटायचे नाहीत, याचा," ती म्हणाली आणि वर विचारलं, "तुला चहात आलं चालतं ना गो?"

मी भांडायला गेले होते, हे मला घरी परतल्यावर आठवलं.

तिच्या घरचा टीव्ही म्हणजे एक स्वतंत्र देश होता. गच्चीवरची डिश तिने कुठल्या कोनात वळवून घेतली होती कोण जाणे, पण तिच्यावर युरोपातली अशी चॅनेलं दिसत की ज्यांची भाषा आम्हा दोघींनाच काय, अख्ख्या दम्माममध्ये कुणाला कळली नसती. तिथे बायकांचं हँडबॉल चाले. क्लबांचे चषक. सगळ्यात वरच्या चषकात नामांकित संघ खेळत, पण शमीमभाभीचा जीव खालच्या चषकात होता. लहान लहान गावांचे संघ, कुणी दिवसा शिक्षिका, कुणी नर्स, आणि शनिवारी गोल अडवायला उभ्या. नॉर्वेतल्या एका मासेमारीच्या बंदरावरून आलेल्या संघाला तिने आपल्या दापोलीजवळच्या हर्णैवरून 'हर्णैवाल्या' असं नाव दिलं होतं. जांभळ्या जर्सीतल्या एका हंगेरियन संघाला मी 'वांगीवाल्या' म्हणू लागले. भाषा कळत नसल्यामुळे समालोचन माझ्याकडे आलं. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यामुळे माझं कधीच काही अडलेलं नाही. "डावीकडून निघाल्या हर्णैवाल्या, वांगीवाल्यांच्या मधोमध घुसल्या, आणि हा बघा, सासूने सुनेवर फेकावा तसा कटाक्ष…" शमीमभाभी हसून लोळायची. लोळता लोळता म्हणायची, "मंगल, ती पंच आहे गो."

त्या चषकांची एक रीत तिला फार आवडायची. दोन संघ दोनदा खेळतात, एकदा यांच्या गावी, एकदा त्यांच्या, आणि दोन्ही सामन्यांच्या गोलांची बेरीज करून निकाल लागतो. पहिल्या दिवशी सात गोलांनी हरलात तरी संपत नाही, परतीचा सामना असतो. मी पहिल्या सामन्यानंतर "हरल्या बिचाऱ्या" म्हटलं की ती ठणकावायची, "बेरीज झाल्याशिवाय बोलायचं नाही." कधी प्रवास झेपत नाही म्हणून दोन्ही सामने एकाच गावात उरकतात, मग पाहुण्याच संघाला एक दिवस कागदावर यजमान म्हणतात. ते पाहून ती एकदा म्हणाली, "आपल्यासारखंच. इकाम्याच्या परवान्यावर पत्ता इथला, आणि घर…" रत्नागिरीला कॉलेजात असताना तिची राज्याच्या हँडबॉल संघात निवड झाली होती. शिबिराच्या आठवड्यातच निकाहची तारीख निघाली. याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. "मला परत कुणी बोलावलं नाही, इतकंच," म्हणाली आणि चहाचे कप विसळायला घेतले.

पुढे पोरी मोठ्या झाल्या आणि तिने बिल्डिंगमधल्या पाच मुलींचा संघ बांधला. तळघरातल्या पार्किंगमध्ये, गाड्या बाहेर गेल्यावर, मैदान. टीव्हीवरच्या खेळाडू बोटांना काहीतरी चिकट लावतात, त्यामुळे बॉल एका हातात बसतो, हे तिनेच हेरलं. ती राळ असते, हे आम्हाला पुढे कळलं. तेव्हा तिचा निर्णय झाला होता, "फणसाचा चीक आहे." दम्माममध्ये फणसाचा चीक कुठून आणणार? तिने दुकानातून खजुराचा पाक आणला, इथे त्याला दिब्स म्हणतात, आणि पाचही पोरींच्या तळव्यांना चोपडला. बॉल चिकटला, यात शंकाच नाही. पोरींचे केसही चिकटले, ओढण्या चिकटल्या, लिफ्टचं बटण चिकटलं. संध्याकाळी पार्किंगमध्ये मुंग्यांची जत्रा! पण शमीमभाभीने दिब्स सोडला नाही.

पहिला सामना आम्ही शहराबाहेरच्या एका कंपाउंडच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या बंदिस्त वसाहतीच्या, हॉलमध्ये खेळलो. तिथल्या मुलींची प्रशिक्षक एक ट्युनिशियन शिक्षिका होती, तिकडे हा खेळ मुरलेला. सतरा-आठ! नऊ गोलांनी आमचं पानिपत झालं. पोरी रडत गाडीत बसल्या आणि शमीमभाभी त्या बाईकडे जाऊन बोटांच्या खुणांनी सांगून आली : परतीचा सामना, आमच्या घरी, तीन आठवड्यांनी.

त्याच आठवड्यात सरकारी हुकूम आला. मोबाईलच्या दुकानांत आता फक्त सौदी माणसंच बसणार. नाझीमभाई, तिचे यजमान, सोळा वर्षं मोबाईलच्याच दुकानात होते. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर ते इथे राहत तो सौदी मालक, चांगला माणूस, पण तोही काय करणार? "खलास," म्हणाला आणि फायनल एक्झिटचे, कायमचं परत जाण्याचे, कागद केले. नाझीमभाईंनी तिकिटं काढली ती सामन्याच्या तीन दिवस आधीची. मी तेव्हा तिथेच होते. शमीमभाभी खोके भरत होती. मान वर न करता म्हणाली, "तिकीट चार दिवस पुढं ढकला."

"लोकांची घरं उठतायत शमीम, आणि तुला बॉल सुचतो?"

"मी सोळा वर्षांत काय मागितलं?"

नाझीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आयुष्यात मी गप्प बसले असे जे दोन-तीन प्रसंग आहेत, त्यांतला हा एक. तिकीट पुढे गेलं. एवढंच नाही, सामन्याच्या दिवशी त्यांनी बिल्डिंगमधल्या सगळ्या पुरुषांना दारोदार जाऊन गाठलं. सगळ्या गाड्या मिरवणुकीसारख्या रांगेने बाहेर निघाल्या आणि दोन तास समुद्राकाठी उभ्या राहिल्या. तळघर आमचं!

आणि काय सांगू तो सामना! पार्किंगच्या मधोमध खांब. आमच्या पोरींना ते पाठ, पाहुण्या मुली दर दोन मिनिटांनी एकीला मिठी मारायच्या, ती सिमेंटची निघायची. समालोचन आणि वेळ दोन्ही माझ्याकडे होतं, हातात स्वयंपाकघरातलं टिकटिकणारं घड्याळ. दहा, बारा, चौदा… शेवटच्या मिनिटात आमचा पंधरावा गोल झाला, त्यांचे सात. माझ्या डोक्यात काय शिरलं देव जाणे, मी किंचाळले, "जिंकलो! बेरीज झाली! जिंकलो!" आणि शमीमभाभीला कमरेला धरून गरगर फिरवलं. ती आधी गोंधळली, मग हसायला लागली… कागद आल्यापासून पहिल्यांदा. तेवढ्यात पाहुण्या मुलींनी फेकलेला शेवटचा बॉल झोयाने पकडला आणि ती तो छातीशी धरून उभी राहिली. घड्याळ वाजलं. पोरींनी खांबाभोवती फेर धरला.

शमीमभाभीने माझ्या कानाशी तोंड आणलं. "तेवीस-चोवीस, मंगल. एक कमी पडला."

मी तोंड उघडलं तर तिने माझ्या ओठांवर तळवा ठेवला, दिब्सने बरबटलेला. "आता गप रव. आज बेरीज नको." समोर ती ट्युनिशियन बाई उभी होती. तिला हिशेब कळलाच होता. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग त्या बाईने आपल्या मुलींकडे वळून "यल्ला!", चला, म्हटलं आणि त्या सगळ्या आमच्या पोरींशी हात मिळवायला निघाल्या.

दुसऱ्या दिवशी जाताना तिने बॉल माझ्या हातात दिला. "सामानात मुंग्या नकोत," म्हणाली. पुढची वर्षं फोनवर गेली. आजारपणातही ती फोनवर समालोचन मागायची, आणि मी नसलेले सामने रंगवून सांगायचे. एक गोष्ट मात्र मला सलत राहिली. मी मध्येच ओरडले नसते तर? अर्धं मिनिट होतं, एक गोल झाला असता, बरोबरी झाली असती.

ती गेल्यावर महिन्याभराने मी झोयाला फोन केला आणि हे सगळं कबूल केलं. झोया आता कॉलेजच्या संघात गोलमध्ये उभी राहते. ती अगदी आईसारखं हसली.

"मावशी, आम्ही सातवीत होतो. बेरीज येत होती आम्हाला."

"म्हणजे?"

"बॉल माझ्या हातात होता. त्या सगळ्या पुढं आलेल्या, त्यांचा गोल पूर्ण रिकामा. I could have thrown it. पण तू अम्मीला फिरवत होतीस आणि ती हसत होती. मी फेकला असता तर सगळे परत खेळायला लागले असते ना… म्हणून धरून ठेवला."

फोन ठेवला आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातून बॉल काढला. म्हणजे काढायचा प्रयत्न केला. दम्मामच्या दमट उन्हाळ्यात त्याच्या शिवणीतला दिब्स दरवर्षी पाझरतो आणि बॉल फळीला चिकटून बसतो. ओढून काढला, तर हाताला चिकटला. खिडकीत वर्तमानपत्रावर ठेवला. थोड्या वेळात चौकटीच्या फटीतून पहिली मुंगी आली, तिच्यामागे दुसरी, मग रांगच. एरवी मी हळद टाकते. या खेपेला खुर्ची ओढून बसले, घसा साफ केला आणि सुरू केलं, "डावीकडून निघाल्या हर्णैवाल्या…"