पनवेलहून सांगून निघताना

पुण्याहून पनवेलला जायचं म्हणजे मध्ये बोरघाट, आणि बोरघाट म्हणजे माझ्या लेकीच्या पोटातलं सगळं बाहेर. माझी साडी, शेजारच्या गृहस्थांची पिशवी, कशाचीच धडगत राहिली नाही. गृहस्थ सज्जन. "लहान आहे, चालायचंच," असं म्हणाले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

मीनू तेव्हा सहा वर्षांची होती. बँक मला महिनाभराच्या प्रशिक्षणासाठी हैदराबादला धाडत होती. तिचे बाबा बोटीवर, सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये. मे महिन्याची सुट्टी होती, म्हणून माझी कॉलेजातली मैत्रीण रिबका म्हणाली, "माझ्याकडे ठेव. माझ्या दोघी आहेत की खेळायला." मीनूला मी एवढंच सांगितलं होतं, की आपण रिबकामावशीकडे जातोय. तिला तिथे ठेवून मी निघणार, हे सांगायची माझी छाती नव्हती. रोज बँकेत जातानासुद्धा मी मागच्या दाराने सटकायची, आणि पुढच्या दारात शेजारीण तिला मांजर दाखवत उभी राहायची. आमच्या आळीत सगळ्याच आया असं करत. रडारड कुणाला हवी?

पनवेलच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. ताडगोळे विकणाऱ्या बाईने मीनूचा चेहरा पाहिला.

"बाय, पोर सुकली तुजी. ताडगोलं दे तिला."

"परत ओकेल हो."

"नाय ओकत. आमी काय आमच्या पोरांना देत नाय?"

बाईने सोलून दिले ते मीनूने असे मटकावले, की घाट उतरलेली पोर हीच का, असं मला वाटलं.

रिबकाचं कौलारू घर इस्राईल तलावाच्या जवळ. ही मंडळी ज्यू, पण पिढ्यान्‌पिढ्या कोकणातली. पूर्वी तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. घरात मराठी आपल्यासारखीच, भांडणंसुद्धा मराठीतच. आम्ही पोचलो तो शुक्रवार होता. शनिवार त्यांचा विसाव्याचा दिवस, आणि तो आदल्या संध्याकाळीच सुरू होतो, म्हणून रिबकाने दिवे लावले. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे आजोबांनी, प्रार्थना म्हटली आणि सगळ्यांना मनुकांचं शरबत दिलं. जेवायला नारळाच्या रसातले मासे होते. माझ्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी होती. मीनूने मात्र माझ्याकडे न बघता मासा मागितला.

प्रार्थनेनंतर त्यांच्यात हातबोशी असते. मोठ्यांनी दोन्ही हात पुढे करायचे, समोरच्याने ते आपल्या हातात घ्यायचे, मग दोघांनी आपापली बोटं ओठांना लावायची. या घरात कुणी गावाला निघालं तरी ती व्हायचीच. आजोबांनी मीनूपुढेही हात केले. ती इतकी गंभीर झाली, जणू तिला कुणी पदक देत होतं.

शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटत नाही. चहा मीच केला आणि बॅग उचलली. मुली परसात जांभळं वेचत होत्या. ओसरीवर आजोबा बसले होते.

"मुलीला सांगितलंत?"

"नाही हो आजोबा. आकांत करेल ती."

"करू दे की."

मला रागच आला. यांचं काय जातं म्हणायला! आजोबा तलावाकडे बघत म्हणाले, "माझा थोरला, रिबकाचा दीर, कायमचा इस्राईलला गेला ना, तेव्हा मी निरोप नको म्हणून त्या काठावर जाऊन बसलो. घरी आलो तर हा गेलेला. अजून मला वाटतं, बाजारात गेलाय, येईल. तुमची पोर तर एवढीशी. ती कुठे कुठे शोधेल तुम्हाला?"

बॅग ठेवून मी परसात गेले आणि मीनूला एका दमात सगळं सांगितलं. मग जे व्हायचं तेच झालं. तिने भोकाड पसरलं, माझ्या निऱ्या मुठीत धरल्या, "तू वाईट आहेस" म्हणाली. मीही रडले. रिबकाच्या मुली तोंडात जांभळं धरून बघत राहिल्या. एस.टी. गेली ती गेलीच.

बऱ्याच वेळाने हुंदके थांबले. मीनूने नाक पुसलं आणि आपले दोन्ही हात पुढे केले, मोठ्या माणसासारखे. मी ते हातात घेतले. जांभळी बोटं ओठांना लावून ती म्हणाली, "आता जा." आणि परत जांभळाखाली जाऊन बसली. पाय निघत नव्हता तो माझाच.

हैदराबादचे ते दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. एस.टी.डी. बूथवरून फोन लावला की मीनू म्हणायची, "नंतर बोलू, आम्ही तळ्यावर चाललोय." मी रिसीव्हर ठेवायची आणि खोलीवर येऊन उशीत तोंड खुपसायची.

महिन्याने तिला घ्यायला गेले तेव्हा ती रापलेली, गुडघे फुटलेली, मजेत होती. आजोबांचा निरोप घेताना तिचे डोळे भरले, पण तिने ते लपवले नाहीत. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी विचारलं, "माझ्यावाचून रडलीस का गं?"

"आधी रोज. मग रिबकामावशी जवळ घ्यायची. मग मी खेळायचे." माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तू रडायचीस?"

"हो."

"मग तुला कोण जवळ घ्यायचं?"

असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. "कुणी नाही गं," मी म्हटलं. मुलांना वाढवायचं एवढंच मला माहीत होतं. मोठ्यांचंही काही वाढायचं राहून जातं, हे मला त्या बाकावर कळलं.

गाडी घाट चढू लागली. मीनू सरकून जवळ आली आणि तिने माझं डोकं ओढून आपल्या इवल्याशा खांद्यावर ठेवलं. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत माझी मान अवघडून गेली, पण मी हलले नाही.