चुली घालणारी सगुणामावशी

सगुणामावशी कुणाच्याही घरात शिरली की आधी माणसांशी बोलत नसे, थेट चुलीपाशी जाई. राखेवर पालथा हात धरी, काटकीने राख तळापासून ढवळून बघे आणि मग कुठे विचारी, "काय गं, बरी हायस ना?" आमच्या चौक गावातल्या बहुतेक चुली तिच्याच हातच्या. वारुळाची माती, शेण आणि भाताचा तूस मळून ती चूल घाली, दिवाळीआधी घरोघर फिरून तडे लिंपून देई. राखेबद्दल तिचं मत ठरलेलं होतं. "वरनं पांढरी, आतनं तांबडी. सासूवानी," ती म्हणे. बाया तोंडाला पदर लावून हसत, पण सासवा समोर असल्या तर तेवढंही नाही.

मी कर्जतकडची. लग्न होऊन या गावात आले तेव्हा घाटातून आगगाडी सुरू होऊन फार वर्षं झाली नव्हती. पहिल्यांदाच ओढ्यावर गेले, तर या बाईने माझा उजवा हात धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "अजून धड हाय." मी घाबरले. शेजारणीने मग सगळं सांगितलं. सगुणामावशीची मुलगी काशी ही माझ्या नवऱ्याची पहिली बायको. म्हणजे माझी सवतच.

एके सकाळी सासूबाईंनी काशीला चूल साफ करायला बसवलं होतं. तिने चिमटा मागितला, तर म्हणाल्या, "राख निवली हाय. हातानं काढ." खाली निखारे होते. काशीची बोटं तळव्याला चिकटली ती कायमची. भाकरी थापता येईना म्हणून तिला माहेरी धाडलं आणि गावभर सांगितलं, पोर वेंधळी, आपणच हात घातला. आमचे हे गप्प बसले. गप्प बसायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. मग मला आणलं.

मला वाटलं, ही बाई माझा दुस्वास करणार. झालं उलटंच. रोज ओढ्यावर ती मला शिकवी. "आदी लाकडं भायेर वडायची, मंग राख. पदर कमरंला खोच. राख खापरात भर, वर पानी मार, आन पेंढ्याकडं तर नेऊच नको. तापल्या चुलीवर वला बोळा फिरवशील तर तडा जाईल." आणि मग आवाज खाली आणून म्हणे, "तुज्यावर माजा राग नाय गं. पन म्हातारीला मी सोडनार नाय. माज्या पोरीला वेंधळी म्हनाली ना? त्याच तोंडानं खरं वदवीन, चार बायांत." हे ती इतक्या शांतपणे बोले की माझ्या अंगावर काटा येई. खरं सांगायचं तर मला बरंही वाटे. सासूबाईंचा जाच मीही सोसतच होते.

आमच्या घरात मात्र ती पाऊल टाकत नसे. नणंदेचं लग्न तोंडावर आलं आणि नेमका चुलीचा वैल, बाजूचं दुसरं तोंड, ढासळला. दुसरी कुणी हात लावेना. शेवटी सासूबाईंनी नाक मुठीत धरून मला तिच्याकडे पाठवलं. "येते," ती म्हणाली, "पन राख काढू नकोस. माज्यासाटी ठेव."

ती आली तेव्हा सासूबाई देवळात गेल्या होत्या. आम्ही दोघींनी निखारे वेचून काढले, पाणी शिंपडलं, राख थंडगार होऊ दिली आणि वर कोरडी राख पसरली. ओटीवर हळद दळायला आळीतल्या बाया जमल्या होत्या. सासूबाई आल्या. मावशीने त्यांना आत बोलावलं, मागोमाग बायाही दाराशी आल्या.

"इहीनबाई, पयला हात घरच्या मालकिनीचा. राख निवली हाय. हातानं काढा."

सासूबाई वाकल्या आणि तशाच थांबल्या. "चिमटा आन गं," त्या मला म्हणाल्या. मी हलले नाही.

"चिमटा कशाला?" मावशी म्हणाली. "काशीला दिला व्हता?"

"आतून पेटती असंल."

"असं व्हय? तुमाला ठावं हाय तर! मंग माज्या पोरीला हात का घालाय लावला?"

मावशीने कोपरापर्यंत हात राखेत घातला, मूठभर बाहेर काढली आणि सासूबाईंच्या तळव्यावर ठेवली. सासूबाई मातीच्या रंगाच्या झाल्या. "माजं चुकलं," त्या पुटपुटल्या. "मोट्यानं," मावशी म्हणाली. त्यांना मोठ्याने म्हणावं लागलं. मग मावशीने बैठक मारली आणि दुपारपर्यंत चूल घातली, अशी सुरेख की आजही धूर घरात कोंडत नाही. "चुलीवर कसला राग?" ती म्हणाली. "तुला रांधायचं हाय हितं."

मला वाटलं होतं, तिचा सूड आता फिटला. कुठला! पुढे तिला ताप आला आणि उतरेचना. दुपारी मी पेज घेऊन गेले. काशी उशाशी बसून डाव्या हाताने वारा घालत होती. मावशीने डोळे उघडले.

"म्हातारी हाय का गेली?"

सासूबाई तेव्हा आमच्या ओटीवर बसून तांदूळ निवडत होत्या, अगदी ठणठणीत. मी काशीकडे पाहिलं. काशीने मान खाली घातली.

"गेली गं मावशी," मी म्हणाले.

"माज्या आदी?"

"तुज्या आदी."

तिने समाधानाने श्वास सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळच्या आत ती गेली.

मी घरी आले, सासूबाईंचं ताट वाढलं. त्या पुढे बरीच वर्षं जगल्या. मला घालूनपाडून बोलत, भाकरीला नावं ठेवत. शेजारणी विचारायच्या, एवढं कसं सोसतेस, उलटून एक शब्द कसा बोलत नाहीस? मी नुसती हसे. मेलेल्या माणसाशी काय भांडायचं?